अप्पाला बसून जायचं होतं

बुरडाच्या बुडाखाली सालपं जमतात. रोज झाडा, रोज पुन्हा तेवढीच. बांबू सोलायचा म्हटलं की ती पडणारच. किश्श्यांचं तसंच आहे. कुणी मुद्दाम करत नाही. माणूस धंदा करतो, चहा पितो, भांडतो, अन् खाली पडत राहतं. म्हातारपणी उठायला जावं तर मांडीएवढा ढीग.

मी लिंबाजी, बुरूड. निलंग्याला एसटी स्टँडच्या मागं अप्पाची बांबूची वखार होती, तिच्या पत्र्याखाली माझी बसायची जागा. शाळा दुसरीपर्यंत. तिसरीत मास्तरानं कानफाडात मारली, मी बी त्याला मारली, शाळा संपली. म्हणून इथं काही चुकलं असेल तर वाचणाऱ्यानं आपलं आपण सुधारून घ्यावं, मला सांगायला येऊ नये.

अप्पा म्हणजे गुरुलिंगप्पा. वाणी माणूस, लिंगायत, कपाळावर भस्माचे पट्टे. तो बांबू आणून विकायचा. त्यातलाच फाडून मी सुपं, टोपल्या, कोंबड्यांची डाली, शिड्या, पाळणे, अन् मयतीचं सामान करायचो. सारी जिंदगी एका पत्र्याखाली गेली. तो मला लिंब्या म्हणायचा, मी त्याला अप्पा. लोकांना वाटायचं आमचं भांडण चाललंय. भांडण चाललेलंच असायचं.

*

वखारीचा एक कायदा होता. गिऱ्हाइकानं दोन लांब बांबू मागितले, भाव केला नाही, सरळ का वाकडा ते बघितलं नाही, तर कशाला पाहिजेत ते विचारायचं नाही. ओळखायचं. भाव करणारा माणूस मांडव घालणार असतो. शिडीवाला बांबू हातानं वाकवून बघतो. डालं पाहिजे असलेली बाई माझ्यासमोर बसून माझीच अक्कल काढते. मयतीच्या घरचा माणूस नुसता उभा राहतो. त्याला बांबू, कामट्या, सुतळी, मडकं गुमान काढून द्यायचं. जाताना ‘या’ म्हणायचं नाही.

एकदा सकाळच्याला शाळेवरचा नवा मास्तर आला. डोळे लालबुंद, नाक वाहतंय, रुमाल भिजलेला. म्हणाला, दोन बांबू द्या, लांब बघून. भाव नाही, काही नाही.

अप्पा गादीवरून खाली उतरला. टोपी काढली. स्वतः बांबू निवडले, मडकं मास्तराच्या हातात ठेवलं, पाठीवरून हात फिरवला अन् म्हणाला, “धीर धरा मास्तर. सगळ्यालाच जायचंय.”

मास्तर म्हणाला, “हो, सगळेच येणार आहेत.”

“कवा न्यायचं?”

“पाचला सुरू करायचंय. आधी पोरींचा डान्स आहे.”

शाळेचं गॅदरिंग होतं. पडदा बांधायला बांबू पाहिजे होते. मास्तराचे डोळे आले होते, गावात साथच होती तेव्हा.

मास्तर मडकं परत देऊन गेला. पण अप्पा त्याच्या पाठीवरून हात फिरवून बसला होता. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अप्पाचे डोळे आले. मग वखारीत जो येईल तो टोपी काढायचा अन् अप्पालाच विचारायचा, कोण गेलं?

*

मध्ये तालुक्याचं बांबूचं शिबिर झालं. पडद्यावर चित्रं दाखवली. बांबूचा ब्रश, बांबूची बाटली, बांबूचं कापड, बांबूचं लोणचं. मला कलाकार म्हणून बोलावलं होतं, अप्पा संगं आला होता चहासाठी.

शिकवायला आलेल्या मॅडम चांगलं सांगत होत्या. बांबूचा कोंब जमिनीतून जेवढा जाड निघतो तेवढाच जाड तो मरेपर्यंत राहतो. एका पावसाळ्यात सगळी उंची गाठतो, मग वाढत नाही. पुढची सगळी वर्षं तो नुसता कडक होत जातो.

अप्पानं माझ्याकडं बघितलं अन् म्हणाला, “वळखीचा दिसतोय.”

शेवटी माझा सत्कार केला. शाल, नारळ, फुलं. सगळं एका टोपलीत घालून दिलं. टोपली प्लास्टिकची. मी तोंड उघडणार होतो, पण अप्पानं शालीखालून माझ्या दंडाला चिमटा धरून ठेवला होता. फोटोत माझं तोंड वाकडं आलंय ते त्यामुळं.

*

आता विमानाचं सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्याकडं वाणी लोकांत मयत आडवी नेत नाहीत. माणसाला मांडी घालून बसवतात, भस्म लावतात, अन् बसवूनच नेतात, भजन म्हणत. खड्ड्यात बी बसवूनच ठेवतात. ज्यात बसवून नेतात ते विमान. पाठ टेकायला उंच तट्टी असलेली, पाय नसलेली बांबूची खुर्ची समजा. वरून फुलं, केळीची पानं. खालच्या अंगाला दोन लांब बांबू आरपार, ते खांद्यावर. तिरडी कुणी बी बांधतो. विमानाला हात लागतो. निलंग्यात तो हात माझा होता.

त्याचं माप घेता येत नाही. जित्त्या माणसाचं माप घेणं बरं नाही, अन् मेल्यावर त्या घरात टेप घेऊन कोण शिरेल? नजरेनं धरायचं.

तेलाच्या गिरणीवाले एक शेठजी गेले. मी त्यांना बघितलं होतं ते कुणाच्या तरी लग्नात, हाडाचं काडीपैलवान. त्या नजरेनं विमान बांधून नेलं. मला काय माहीत आजारपणात ते सुजले होते. चौघांनी उचलून बसवायला घेतलं, तर बसेनात. एक मांडी आत गेली, दुसरी जाईना. सगळं गाव बघायलंय. अप्पानं मला हाक मारली. मी सुरी घेतली, उजव्या बाजूची तट्टी कापली, सुतळीनं कसंबसं आवळलं. शेठजी निघाले, पण एक गुडघा बाहेर.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात त्यांची बायको रडता रडता म्हणाली, “असू द्या हो भाऊ. जित्तेपणी तरी कंची खुर्ची पुरली होती त्यांना.”

सगळं अंगण हसलं. ती बी हसली, अन् मग पदर तोंडात घालून जी रडायला लागली ते थांबेचना.

वखारीत आल्यावर अप्पा म्हणाला, “माझं माप आत्ताच घे.”

मी म्हणालो, “गप बस. जित्त्या माणसाचं घेत न्हाईत.”

“मग मी काय गुडघा भाईर काढून जाऊ?”

*

अप्पाचे थोरले भाऊ पुण्याला पोराकडं राहायचे. अप्पा त्यांना दादा म्हणायचा. दादा तिकडंच वारले. पोरगं चांगलं, शिकलेलं, त्यानं काही कमी केलं नाही. दवाखान्यात सगळे कागद होईस्तोवर दादांना थंड्या पेटीत ठेवलं, मग गाडीत झोपवून निलंग्याला आणलं.

इकडं मी विमान बांधून ठेवलं होतं. या खेपेला मोकळं-ढाकळं केलं होतं. फुलं लावली होती. मयतीचे विधी करणारे स्वामी येऊन बसले होते.

गाडीतून दादांना खाली घेतलं. बसवायला गेले, तर दादा बसेनात. अंग लाकूड झालं होतं. गुडघा वळेना, कंबर वळेना. लोकांनी जरा जोर लावला, मग सोडून दिलं. जोर लावायची गोष्ट नव्हती ती.

अप्पानं गरम पाणी मागितलं. पंचा भिजवून दादांच्या गुडघ्यावर ठेवला अन् चोळायला लागला. अंघोळीनंतर लेकराचे पाय चोळतात तसं. पाणी निवालं, दुसरं आणलं. तो चोळतच होता.

स्वामी म्हणाले, “राहू द्या अप्पा. कसं आलं ते देव बघत न्हाई.”

अप्पा म्हणाला, “म्या बघायलोय की.”

शेवटी मीच उठलो. विमानातले दोन बांबू ओढून काढले अन् त्याचीच तिरडी बांधली. दादा आडवे गेले. फुलं लावलेलं विमान अंगणात तसंच कलंडून पडलं होतं.

परत आल्यावर आम्ही वखारीत बसलो. चहा आला, कुणी घेतला नाही. अप्पा म्हणाला, “लिंब्या, मला आडवं नेऊ नको.”

मी म्हणालो, “मी कोण नेणार? तुझं पोरगं नेईल.”

“म्हणून तर तुला सांगायलोय.”

*

पोरगं म्हणजे शिवराज. लातूरला त्याचं पाईपाचं दुकान आहे. पांढरे पाईप, निळे पाईप, प्लास्टिकचे दरवाजे. मला काका म्हणतो. वाईट नाही. पण बोलायला बसला की हातातल्या मोबाईलकडं बघून बोलतो, तेव्हा आपल्याशी बोलतोय का त्याच्याशी ते कळत नाही.

शिवराजला मुलगी झाली तेव्हा अप्पा शेवंताकडं आला. शेवंता माझी बायको. सुपाला तिचा हात माझ्यापेक्षा बारीक आहे, पण हे मी तिला कधी बोललो नाही, इथं वाचून कळलं तर कळू दे. नव्या बाळाला आधी सुपात ठेवायचं म्हणून अप्पानं तिच्याकडून सूप करून घेतलं अन् एसटीनं लातूरला गेला.

दवाखान्यातल्या नर्सबाईनं सूप आत नेऊ दिलं नाही. कुस लागेल, जंतू लागतील म्हणाली. घरी आल्यावर सून म्हणाली, किती छान आहे, अन् ठेवून दिलं.

काही दिवसांनी अप्पा पुन्हा जाऊन आला. शेवंतानं विचारलं, “ठेवलं का बाळ सुपात?”

अप्पा म्हणाला, “सूप भिंतीवर टांगलंय. आत बारके लाईट लावलेत.”

शेवंतानं मांडीवरची सालपं झाडली. मग म्हणाली, “दिसतंय का चांगलं?”

“दिसतंय,” अप्पा म्हणाला. “चांगलंच दिसतंय.”

*

अप्पाच्या शेतात विहिरीवर बांबूचं बेट होतं. त्याच्या वडलांनी लावलेलं. भरीव बांबू, आतून पोकळ नाही, वजनाला जड अन् मोडायला अवघड. तसा बाजारात येत नाही आता.

एक साल त्या बेटाला फुलोरा आला. भातासारख्या बारीक लोंब्या, नखशिखांत. मी म्हातारा झालो, पण तेव्हा पहिल्यांदाच बघितला. दिसायला लई देखणं. अन् बांबूचा फुलोरा म्हणजे काय ते आम्हाला दोघांनाच माहीत. बांबू जिंदगीत एकदाच फुलतो, अन् फुलला की मरतो. एक बांबू नाही, सगळं बेट.

शिवराज आला होता त्या दिवशी. त्यानं पोरीला फुलोऱ्याखाली उभं करून फोटो काढले, मोबाईलवर टाकले. ‘आमच्या शेतात बांबूला बहार.’ तिथंच बांधावर उभा राहून तो आम्हाला वाचून दाखवायला लागला. अभिनंदन. शुभेच्छा. अशीच भरभराट होवो. लोक थांबेचनात. अप्पा प्रत्येकाला मान हलवत होता.

मी शिवराजला सांगायला तोंड उघडलं, तर अप्पानं डोळ्यानं दाबलं.

तो गेल्यावर मी म्हणालो, “सांगायचं न्हाईस का त्याला?”

“खूश हाय,” अप्पा म्हणाला. “राहू दे आजचा दिस.”

मग अंधाऱ्या पंधरवड्यात, म्हणजे बांबूला कीड लागू नये म्हणून, अप्पानं त्या बेटातले दोन बांबू निवडून तोडले. विहिरीत बुडवून ठेवले, सावलीत वाळवले, करडीचं तेल पाजलं अन् वखारीत पत्र्याखाली आडवे टांगले. बाकीचं बेट उन्हाळ्यापर्यंत पिवळं पडलं.

त्याच उन्हाळ्यात अप्पाच्या पायावर सूज दिसली. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. साखर होती त्याला, किडनीपर्यंत गेली. मी फक्त कवाचं ते सांगतोय.

*

वखार बंद करून तिथं बी पाईप ठेवायचं ठरलं. बांबू घेतंय कोण? मयतीला सुद्धा गाडी येते. माझी पत्र्याखालची जागा तेवढी अप्पानं ठेवायला लावली.

नव्या बोर्डाला काठ्या पाहिजेत म्हणून शिवराजनं ते टांगलेले दोन बांबू सोडायला घेतले. अप्पाला तेव्हा धड उभं राहता येत नव्हतं. तो गादीवरून उठला, भिंत धरत धरत आला अन् पोराच्या हातातून बांबू ओढला.

शिवराज म्हणाला, “अप्पा, दुसरे आणतो की तुम्हाला.”

“दुसरे तुझ्या बोर्डाला आण.”

मग शिवराजला कळलं ते कशाचे आहेत. त्यानं मोबाईल खिशात ठेवला. नीट समजावून सांगायला लागला की आता समाजानं स्टीलची गाडी केली आहे, तिच्यात बसायची सीट आहे, पट्टा आहे, खाली चाकं आहेत, खांदेकऱ्यांना त्रास नाही, ढकलत नेता येतं.

अप्पानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, “मी काय भाजीपाला हाय?”

*

पुढं अप्पाला आठवड्याला लातूरला रक्त धुवायच्या मशीनवर न्यायला लागले. अंग उतरलं. गादीवर बसला की कलंडायचा. लोड लावला तरी सरकायचा. मी म्हणालो, तुला टेकून बसायला एक खुर्ची करतो.

म्हणायला सोपं होतं. माझ्या उजव्या हाताचा अंगठा थरथरतो आता. सुरी धरली की कामटी जाड-बारीक निघते. पहिल्या दिवशी दोन कामट्या वाया घालवल्या अन् बांबूला शिव्या दिल्या. शेवंता बघत होती. म्हणाली, “आवं, हात थरथरायलाय तर सुरी इकडं द्या. जिभेनं नका तासू.”

कामट्या तिनं काढल्या, विणलं मी. पाय नसलेली खुर्ची. बसायला रुंद, मांडी घालता यावी इतकी. पाठ उंच. माप मी घेतलं नाही, नजरेनंच धरलं. खालच्या अंगाला दोन्ही बाजूंनी दोन-दोन जाड कड्या विणल्या, मनगट आरपार जाईल एवढ्या. पाठीला वर दोन बारक्या.

अप्पानं खुर्चीभोवती एक चक्कर मारली, भिंत धरून. खाली वाकून कडीत बोटं घातली.

“ह्या कड्या कशाच्या?”

मी म्हणालो, “टावेल अडकवायच्या.”

“एवढे टावेल?”

“तुला घाम लई येतो.”

त्यानं खांद्यावरचा टावेल काढला, कडीत अडकवला. मग बसला. मी एका अंगानं धरलं, शेवंतानं दुसऱ्या. मांडी घातली, पाठ टेकली, डोळे मिटले. आम्ही दोघं उभे. लई वेळानं म्हणाला, “डाव्या बाजूनं टोचतंय.”

मी बसलो, सुरीनं डावीकडची कामटी तासून दिली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. “लिंब्या, डाव्या बाजूनं टोचतंय.” पुन्हा तासली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग रोजचंच झालं. तो बसला, चहा झाला, की टोचायचं. मी शेजारी बसून तासायचो अन् शिव्या द्यायचो, तो शिव्या ऐकत बसायचा.

एक दिवस शेवंतानं त्या कामटीवरून हात फिरवून बघितला. बाहेर येऊन मला म्हणाली, “तिथं टोचायसारखं काय बी न्हाई.”

मी म्हणालो, “मला म्हाईत हाय.”

*

लातूरला शेवटचं नेलं त्या सकाळी अप्पा शिवराजला म्हणाला, खुर्ची घे. शिवराजला घाई होती, रात्रभर झोप नव्हती, तो चिडला. म्हणाला, तिथं पलंग आहे अप्पा, खुर्चीचं काय काम? अप्पा पुन्हा म्हणाला, खुर्ची घे. तिसऱ्यांदा म्हणायला त्याला दम पुरला नाही. शिवराजनं खुर्ची उचलून गाडीत टाकली, टाकलीच म्हणा.

दवाखान्याच्या दारावरच्या माणसानं ती आत जाऊ दिली नाही. मग ती शिवराजच्या दुकानात, पाईपांच्या मधी ठेवली. गिऱ्हाइकं तिच्यावर बसायची म्हणे.

मग एक दिवस दुपारच्या आत शिवराजचा फोन आला. “काका, अप्पा गेले. आणायलोय.” एवढंच बोलला.

मी फोन ठेवला अन् पत्र्याकडं बघत बसलो. डोळ्यासमोर गाडी, गाडीत आडवं फळकुट, लातूर, औसा, निलंगा, मधला रस्ता. अन् दादांचे गुडघे. शिवराजला फोन लावावा म्हटलं, अन् सांगावं काय? बाप मेल्यावर पोराला सांगायची गोष्ट आहे का ती?

उठलो. ते दोन बांबू खाली उतरवले. पुसले. विमान असो का तिरडी असो, दोन बांबू दोन्हीला लागतात. स्वामी आले, भजनवाले आले, आळीतली माणसं आली. शेवंतानं पाणी तापत ठेवलं. मला विचारलं नाही कशाला, मी बी सांगितलं नाही.

गाडी आली. ड्रायव्हर आधी खाली उतरला, घामानं निथळलेला. म्हणाला, “आडवं ठेवा, आडवं ठेवा म्हणून सांगून थकलो म्या. साहेब ऐकतच न्हाईत. सगळ्या वाटंनं गाडी हळू, हळू.”

त्यानं मागचं दार उघडलं.

फळकुट दुमडून एका अंगाला लावलेलं होतं. मधी खुर्ची. खुर्चीत अप्पा. मांडी घातलेली, पाठ टेकलेली, टावेल छातीवरून घेऊन वरच्या बारक्या कड्यांत बांधलेला. मागं शिवराज, गाडीच्या पत्र्याला पाठ लावून गुडघ्यावर बसलेला, दोन्ही हातांनी खुर्चीसकट बापाला कवळलेलं. हनुवटी अप्पाच्या डोक्यावर. शर्ट भिजून अंगाला चिकटलेला.

कुणी पुढं होईना. मीच गाडीत चढलो. म्हणालो, “शिवराज, आलं घर. सोड आता.”

तो म्हणाला, “काका, हात उघडंनात.”

खरंच उघडत नव्हते. बोटं बोटांत अडकून कडक झाली होती. शेवंतानं तापलेलं पाणी आणलं, पंचा भिजवला अन् त्याचे हात चोळायला बसली. मनगटं, कोपर, पुन्हा मनगटं. अंगणातली माणसं उभ्यानं बघत होती. हळूहळू एक एक बोट सुटलं.

आम्ही खुर्ची खाली घेतली. मी बांबू आणले, कड्यांतून आरपार सरकवले. बसले बरोबर. स्वामींनी भस्म घेतलं.

शिवराज माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. हात अजून वाकडेच होते त्याचे. हळूच म्हणाला, “काका, औश्यापासून अप्पा उजव्या अंगाला झुकायलेत. डावीकडं काही टोचायलंय का, बघा की.”

मी खाली बसलो. सुरी काढली. डावीकडच्या कामटीवरून फिरवली. एक सालप खाली पडलं.